अडीच फूट खारं पाणी

"उभी पेटी घ्या, कचरूभाऊ," संपत म्हणाला. "दिसायला झोकात. कोपऱ्यात बसती, जागा बी खात न्हाई."

जालन्यात मस्तगडला संपतचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. एका सराफाच्या मोडलेल्या शोकेसच्या जाड काचा त्याच्याकडे वर्षभर पडून होत्या. त्या भिंतीला टेकवलेल्या होत्या आणि कचरू त्यांच्यापुढे उकिडवा बसून सुतळीनं मापं घेत होता.

उभी पेटी नको, बसकी पाहिजे, असं त्यानं सांगितलं. संपतनं मग एक मोठी गोल काचेची बरणी दाखवली. सिनेमात दिवाणखान्यात असते तशी, म्हणाला. कचरूनं ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"थोडं पाणी एका दुपारी तापतं आन् एका दिवसात नासतं," तो म्हणाला. "जास्तीच्या पाण्याला आपली चूक पचती. आन् मासा काय पाण्याच्या खोलीवर जगत न्हाई. वरून जेवढं तोंड उघडं, तेवढाच त्याचा श्वास."

शेवटी माप ठरलं. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. याहून मोठी करता आली असती तर त्यानं केली असती. पण मुंबईहून कारभारी नावाचा त्याच्या ओळखीचा माणूस समुद्राचं सहाच डबे पाणी पाठवू शकणार होता. लोखंडी अँगलला कचरूनं साफ नाही म्हटलं. खारं पाणी लोखंड खातं. चौकट सागवानी, तळाला शहाबादी फरशी, सांध्यात डांबर. संपतनं आयुष्यात असलं काम केलं नव्हतं. गोड्या पाण्याच्या टाक्या लोक करतात, खाऱ्याची हौस कशाला, असं त्यानं दोनदा विचारलं. कचरू सुतळीला गाठ मारत राहिला.

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. आदल्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता म्हणावं. जालन्यात नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं, तेही अर्धा तास. आसपासच्या खेड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामावर गेली होती. अशा दिवसांत एक माणूस घरात समुद्र मांडायला निघाला होता, आणि तो वेडा नव्हता.

कचरू वीस वर्षं मुंबईच्या मत्स्यालयात कामाला होता. काचा घासायच्या, पाणी बदलायचं, माशांना कोळंबी कापून घालायची. त्याची बायको सोनूबाई इथंच राहिली, आधी सासूपाशी, मग एकटी. तो वर्षातून दोनदा यायचा, आठ-आठ दिवस. पुढच्या दिवाळीला तुला समुद्र दाखवतो, असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. पहिली काही वर्षं ती विचारायची, मग तिनं सोडून दिलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या काळजाची झडप निकामी झाल्याचं दवाखान्यात कळलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पाणी दिवसाला चार फुलपात्रं ठरवून दिलं आणि प्रवासाचं नावही काढू नका म्हणून सांगितलं. कचरूनं राजीनामा दिला आणि परत आला.

परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की या घरातलं काहीच त्याला माहीत नाही. तिखटाचा डबा कुठला, दाराची कडी कशी उचलायची, सोनूबाई कुठल्या कुशीवर निजते. शेजारच्या पुष्पाबाईला हे सगळं माहीत होतं.

सोनूबाईच्या बाजेच्या उंचीला त्यानं विटांचे दोन खांब रचले, वर फरशी टाकली आणि त्यावर पेटी बसवली. पडल्या पडल्या दिसावं म्हणूनच ती बसकी करून घेतली होती. उभी असती तर तिला मान उचलावी लागली असती. मग तो मनमाडला जाऊन कारभारीला भेटला. कारभारी त्याच्या जागी काम करणारा, मनानं चांगला. त्यानं पाण्याचे सहा डबे आणले होते, आणि एका सातव्या डब्यात तीन मासे. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, अंगठ्याएवढे. खडकातल्या डबक्यात वाढणारी जात, उन्हाला दाद न देणारी. मनमाडपासून जालन्यापर्यंत कचरू तो डबा मांडीवर घेऊन बसला आणि हातानं पाणी हलवत राहिला.

पाणी पेटीत ओतलं तेव्हा पुष्पाबाई दारात येऊन उभी होती. "जित्या माणसाला प्यायला पाणी न्हाई," ती म्हणाली, "आन् तुम्ही माशाला आंघोळ घालून राह्यले." हे पाणी पिता येत नाही, असं कचरूनं तिला समजावलं. ती मान हलवून गेली.

कचरू डबे धुवायला मागं गेला तेव्हा सोनूबाईनं हात लांबवून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तो परत आला तेव्हा तिनं बोट पदराला पुसलं होतं. दोन वर्षांनी तिच्या जिभेवर मीठ आलं होतं. पुष्कळ खारं हाये, ती त्याला म्हणाली, आणि हसली.

हवेसाठी वीज लागते, आणि घरात वीज नव्हती. कचरूनं ट्रकची जुनी ट्यूब आणली, सायकलच्या पंपानं ती भरायची आणि सलाईनच्या नळीतून हवा पाण्यात सोडायची. नळीला चिमटा लावला की बुडबुडे हळूहळू येत. एकदा भरलेली ट्यूब चार-पाच तास पुरायची. पंप मारताना त्याला दम लागायचा. सोनूबाई बाजेवरून बघत असायची. मासे आधी दोन दिवस कोपऱ्यात दडून राहिले, मग फिरायला लागले. त्यांतला एक अंगानं बारीक होता आणि बाकीचे दोघे त्याला हाकलायचे. सोनूबाईनं हे कचरूच्या आधी पाहिलं. दुपारी ती त्याला सांगायची, आज त्याला त्या दगडाच्या पलीकडं जाऊ देत न्हाईत. वीस वर्षांत ते दोघं एकमेकांशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या महिन्यात बोलले असतील, आणि तेही बहुतेक माशांबद्दल.

पण जालन्याचा चैत्र हा काही समुद्रकिनारा नव्हे. रोज पाणी आटायचं. पाणी आटलं तरी मीठ उडून जात नाही, ते मागं राहतं, आणि उरलेलं पाणी जड होतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं, दिवसाला दोन तांबे. कचरूनं आधी आपली आंघोळ बंद केली. मग धोतर धुणं आठवड्यावर नेलं. उभी पेटी घेतली असती तर पाण्याचं तोंड लहान राहिलं असतं आणि एका तांब्यात भागलं असतं, हे त्याला कळत होतं. दुकानात बसून माप घेताना त्यानं माशांचा श्वास धरला होता, दुष्काळ धरला नव्हता.

अशाच एका दुपारी सोनूबाई म्हणाली, "तुम्ही यांच्यापाशी वीस वर्षं राह्यले."

कचरू काच पुसत होता. हो म्हणाला.

"बेबी गेली तव्हा बी यांच्यापाशीच होते."

बेबीनंदा त्यांची एकुलती मुलगी. अठ्ठावन्न साली, साडेचार वर्षांची असताना, तापानं गेली. कचरू तिसऱ्या दिवशी पोहोचला तेव्हा तिला माती देऊन झाली होती. तार एक दिवस उशिरा मिळाली, असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. पंधरा वर्षं घरात तेच धरून चाललं होतं.

त्यानं फडकं खाली ठेवलं. बाजेच्या पायथ्याशी बसला. "तार उशिरा न्हवती आली," तो म्हणाला. "धाडली त्याच दिवशी दुपारी एकला आल्ती. मी वाचली आन् खिशात ठेवली."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी मोठी टाकी धुवायला काढली होती. मासे टबांत काढून ठेवले होते, जोडीदार रजेवर होता. चार तासांचं काम, मग संध्याकाळची गाडी, असा त्यानं हिशेब केला. पण नवीन पाणी भरतीच्या वेळीच ओढता यायचं, आणि त्या दिवशी भरती उशिरा होती. पाणी भरेपर्यंत गाडी गेली. कुणी त्याला अडवलं नव्हतं. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी लगेच सोडलं असतं. त्यानं विचारलंच नाही. ताप आहे, उतरेल, असं वाटलं. टबातले मासे तोंड वर काढून राहिले होते, ते डोळ्यांसमोर होते. बेबी डोळ्यांसमोर नव्हती.

सोनूबाई छपराकडे बघत ऐकत होती. ट्यूबमधली हवा संपत आली होती आणि बुडबुडे थांबून थांबून येत होते. कचरू उठला नाही.

तिनं विचारलं, "जगले का ते मासे?"

"जगले."

"समदे?"

"समदे."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. पाणी द्या, उशी सारा. पुष्पाबाई भाकरी घेऊन आली की तिच्याशी हळू आवाजात बोलायची आणि कचरू आत आला की थांबायची. तो ट्यूब भरत राहिला, कोळंबीचं सुकट भिजवून घालत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून म्हणाली की तो बारीक मासा आज दिसत नाही. कचरूनं वाकून पाहिलं. तो दगडामागं होता. हाये, त्यानं सांगितलं. तेवढंच झालं. तिनं माफ केलं की नाही, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

वैशाखात नळ बंद पडला. चार दिवसांचे सहा झाले, सहाचे नऊ. टँकर येणार म्हणून बायका सकाळपासून हंडे रांगेत मांडून ठेवायच्या आणि संध्याकाळी रिकामे उचलून न्यायच्या. पुष्पाबाईच्या नातीला जुलाब लागले तेव्हा कचरूनं घरातला अर्धा हंडा तिला नेऊन दिला. पेटीत पाणी चार बोटं खाली गेलं होतं. काचेवर वरच्या बाजूला मिठाची पांढरी रेघ आली होती, आणि ती रोज रुंद होत होती. त्यानं वर पोतं झाकलं, दारं बंद केली. काही उपयोग नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी मासे वर आले. तिघंही, हाकलाहाकली विसरून, एकाच कोपऱ्यात तोंड उघडून राहिले. माठात तांब्या-दीड तांब्या पाणी उरलं होतं. टँकरचा पत्ता नव्हता.

"ओता," सोनूबाई म्हणाली.

कचरू माठापाशी उभा होता. हातात तांब्या भरलेला होता.

"ओता म्हनलं न्हवं. मला कुठं लई लागतं. डॉक्टरनंच कमी प्या म्हनलं."

"न्हाई," तो म्हणाला.

"मरून राह्यले ते."

"दिसून राह्यलं मला." त्यानं फुलपात्र भरलं आणि तिच्याजवळ आणलं. तिच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग प्यायली. तिची मान फार हलकी झाली होती. उरलेला तांब्या त्यानं माठात परत ओतला आणि माठावर झाकण ठेवलं.

मग तो बाजेवर तिच्याशेजारी बसला. मासे मरेपर्यंत दुपार झाली. बारीक मासा शेवटी गेला. तेवढा वेळ दोघांपैकी कुणीही तोंड फिरवलं नाही. वीस वर्षांत त्यानं शेकडो मेलेले मासे जाळीनं काढून टाकले असतील. हे तीन त्यानं हातानं काढले, कागदात गुंडाळले आणि मागच्या बाजूला खड्डा करून पुरले. माती इतकी कडक होती की पहारीनं खणावी लागली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. कचरू तीन तास रांगेत होता. पुष्पाबाईनं त्याला आपल्या पुढं घेतलं, त्याला दोन हंडे मिळाले. घरी आल्यावर त्यानं एक हंडा झाकून ठेवला आणि दुसऱ्यातलं पाणी चुलीवर तापवलं. सोनूबाईच्या डोक्याला महिनाभर पाणी लागलं नव्हतं. त्यानं तिला उचलून मोरीपाशी आणलं, भिंतीला टेकवून पाटावर बसवलं. तिचे पाय सुजून घट्ट झाले होते, ते त्यानं सरळ करून ठेवले. शिकेकाई कुठं असते ते तिनं सांगितलं.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. आपल्या बायकोचं डोकं त्यानं कधी धुतलं नव्हतं. पाणी कसं ओतायचं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात कसा धरायचा, हे तिला सांगावं लागत होतं. अंमळ गार करा, ती म्हणाली. त्यानं गार केलं. केस थोडेच उरले होते आणि हाताला येत होते. आलेले केस तो तिला न दाखवता बाजूला ठेवत होता.

डोकं धुऊन झाल्यावर त्यानं तिला पुन्हा बाजेवर आणलं, उशीवर कोरडं धोतर पसरलं आणि केस पुसले. मग फणी घेतली आणि थांबला.

"वेणी घालता येत न्हाई मला," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या मंग," सोनूबाई म्हणाली. "वाळू द्या तसेच."

दारातून झळा येत होत्या. केस वाळेपर्यंत तो तिच्या उशाशी बसून राहिला, ओल्या केसांखाली हात धरून.