बेंगाले नावाचं गाव

सारेल ऊम म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले काका. नोकरी संपल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: हॉलंडहून इथे दक्षिण आफ्रिकेत, केपला आलेला आपला मूळपुरुष शोधायचा. त्या हेंड्रिकची गोष्ट ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

त्या रविवारी मात्र माझ्या लेकीचं, हेस्टरचं लग्न पक्कं करायला पाहुणे आले होते. होणारे व्याही, लोरेन्स, सरकारी साहेब. नव्या कायद्याने कोण गोरा आणि कोण नाही हे ठरवणाऱ्या कचेरीत बसायचे. त्यांच्या एका शेऱ्याने लग्नं मोडत होती.

"हेंड्रिकची बायकोही सापडली बरं का!" पिवळा भात वाढून घेत ऊम म्हणाले. "रेबेका फान बेंगाले! हॉलंडातलंच गाव असणार. बडं घराणं!"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. माझे वडील मिशनच्या शाळेत शिकवायचे, त्यांच्याकडून मला ठाऊक होतं. गुलामांना आडनाव नसे. जिथून धरून आणलं, तो मुलुख 'फान', म्हणजे 'इथली', असं म्हणून नावापुढे लावत. ही रेबेका हॉलंडची नव्हे, बंगालची होती.

"ऊम, भात थंड होतोय."

"होऊ दे गं! व्याह्यांना कळू दे, मुलगी कुठल्या रक्ताची आहे ते."

लोरेन्सनी काटा खाली ठेवला. हेस्टरचे केस पाहिले, मग नखं. मला त्या नजरेची चीड आली. आता माझ्या पोरीचं काय होणार?

"बेंगाले," ते सावकाश म्हणाले. "नीट वाचलंत?"

"अहो, डोळे शाबूत आहेत माझे!"

तेवढ्यात त्यांची बायको योहाना हसली. "अगं बाई, आमच्यासारखंच की! यांच्या मूळ आजीचं नाव डोरोथेआ फान मालाबार. सासूबाई काय मिरवायच्या!"

लोरेन्सचा चेहरा खर्रकन उतरला. ऊम तेवढे खुशीत होते.

"बघा! तोलामोलाची सोयरीक!"

"लग्न लांबवायला नको," लोरेन्स माझ्याकडे बघत म्हणाले. "आणि हे शोधणं आता पुरे."

मी मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

पाहुणे गेल्यावर भांडी पुसता पुसता हेस्टरने विचारलं, "आई, कशी दिसत असेल गं ती रेबेका?"

"कोण रेबेका?" मी म्हणाले. "आपल्यात कुणी रेबेका नव्हती."