आत्याची जीभ
आत्या पाणी प्यायची तेव्हा तांब्या आधी उन्हात धरायची. चैत्रातलं ऊन पाण्यातून तिच्या सावळ्या गालावर हलायचं. मग एक घोट जिभेवर घोळवून ती 'हं' करायची, आणि तेवढ्यात त्या गावाची पारख झालेली असायची.

आमच्या सांगवीला कालव्याचं पाणी. इंदापूरच्या कोरड्या अंगाला विहिरी मचूळ; तिकडं हातापायांवर सूज येऊन, लघवी अडून माणसं जायची, आमच्याकडं असं क्वचित. आत्याचा नवरा तिकडचाच, भर तिशीत तसाच गेला. ती माहेरी परतली आणि घरातली पोर कुठंही द्यायची झाली, की आधी तिथली विहीर चाखू लागली. रांडमुंड बाई शुभकार्याला कशाला, असं कुणी म्हटलंच तर म्हणायची, "माझी जीभ रांडमुंड न्हाय."

माझं स्थळ आलं ते इंदापूरकडचंच. मला बघायला आलेला मुलगा माझ्या मनात भरला होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्या 'न्हाय' म्हणाली की संपलं. ती वडिलांबरोबर त्यांचं घर बघून आली आणि ओसरीवर बसून एकेकाची नक्कल करत सांगू लागली. मी दाराआड उभी.

पाणी गोड निघालं. मग जेवायला वाढलं. तिनं आमटीतली डाळ बोटांनी चेपली, तर दाणा टणक. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही.

"आबा, प्यायला कालवा आन् डाळीला हीर व्हय?"

मुलाचे वडील खाली बघू लागले. त्याची आई म्हणाली, "एकच घागर आणली वो, विहीणबाई. तुमच्यापुरती."

आत्या हसत सुटली. सांगतानाही तिला हसू आवरेना. आता 'न्हाय' येणार, असं मला वाटलं.

"तेवढ्यात पोरगा म्हनला, 'कालवा कोसावर हाय, आत्या. कावडीनं आणीन रोज.' म्या म्हनलं, 'निस्तं पोरीलाच न्हाय, तूबी त्येच प्यायचं.' म्हनला, 'पितो.' मंग बैलागत खांदा चाचपला त्येचा." आत्यानं दाराकडं पाहिलं. "बरा हाय. ये भाईर, ऐकतीयास ते ठावं हाय मला."

नळ येईपर्यंत त्यानं कावड वाहिली. आता डॉक्टर किडनी म्हणतात आणि कारणं दहा सांगतात; पाण्याबाबत आत्या चुकलीही असेल. पण नवरा म्हातारा झालेला तिला बघता आला नाही, मला आला. त्याचे केस पांढरे होत गेले त्या सगळ्या वर्षांत आत्या हयात नव्हती; ती वर्षं मात्र तिनंच दिलेली होती.