त्र्याऐंशी फेऱ्या पहाऱ्यावर

माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, तीन आठवड्यांत एकशे बारा प्रश्न विचारले. मी मोजले. इस्पितळाच्या कपडेकोठीत एकवीस वर्षं चादरी मोजतेय, त्यामुळे समोरून काहीही गेलं की बोटं आपोआप चालतात. त्याआधी, मी लग्न होऊन या घरात आल्यापासून, वन्संनी स्वतःसाठी एकही प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. 'चहा टाकू का' आणि 'दार लावलं का' हे मी धरत नाही. ती कामंच असतात, शेवटी प्रश्नचिन्ह असलेली.

वन्सं कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन लॅबमध्ये पाठवतात आणि तिथे वन्सं प्लास्टर कालवून, मेण लावून, एकेक दात बसवत म्हाताऱ्यांची हसण्याची सोय करतात. महिन्याभरापूर्वी प्लास्टरच्या साच्यांचा ट्रे घेऊन जिना उतरताना त्यांचा पाय घसरला. ट्रे वाचला, घोटा गेला. "जन्मभर प्लास्टर कालवलं," त्या इस्पितळातून घरी येताना म्हणाल्या, "आता मीच त्यात."

त्या पलंगावर पडल्या आणि घराला कळलं की घर कोण चालवत होतं. मी यादीच केली. सासऱ्यांच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालण्यापासून ते गळणाऱ्या नळाखालची बादली रिकामी करण्यापर्यंत सव्वीस कामं निघाली. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर परक्या माणसांना वर चढवतात, पण घरी आल्यावर खुर्चीतून स्वतःला उठवणं काही त्यांना जमत नाही. तेव्हा सव्वीसपैकी किती कामं कुणाकडे आली हे सांगायला नको.

मुलीने, बिट्टीने, आपला जुना कॉम्प्युटर पलंगाशेजारच्या स्टुलावर आणून ठेवला. "आत्या, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा राज्य कर."

खेळ असा: सहाकोनी घरांचा नकाशा, त्यात एक गाव आणि गावातली मूठभर माणसं. प्रत्येकाला एकदा हलवायचं, मग फेरी संपवायचं बटण दाबायचं. मग शेजारचे राजे त्यांची माणसं हलवतात आणि पुन्हा आपली पाळी येते. घाई मुळीच नाही. तुम्ही बटण दाबेपर्यंत शत्रू तलवार उगारून निमूट उभा राहतो. एवढी सभ्यता मी माणसांत पाहिलेली नाही.

पहिला प्रश्न तिसऱ्याच मिनिटाला आला.

"बिट्टे, हा भालेवाला पुढे का सरकत नाही?"

"त्याच्या चाली संपल्या, आत्या."

"दोन घरं जाईल म्हणाली होतीस. एकच तर गेला!"

"डोंगर चढला ना. डोंगराला दोन लागतात."

"मग आधी सांगायचंस. सपाटीवरून नेला असता बिचाऱ्याला."

पाच मिनिटांनी पुन्हा. "या दुसऱ्याची एक चाल उरलीय. ती पुढच्या फेरीत जमा होते का?"

"नाही."

"म्हणजे वापरली नाही तर बुडाली?"

"बुडाली."

"आमच्या रजांसारखंच," वन्सं म्हणाल्या आणि त्या भालेवाल्याला उगाचच एक घर पुढे नेऊन उभा केला.

मग रोजच सुरू झालं. जंगल तोडलं की लाकूड एकदाच मिळतं की दरवर्षी? तिरंदाज नदीपलीकडून मारतो, तर मग भालेवाल्याने पाण्यात का उतरायचं? जखमी माणूस नुसता बसून बरा होतो, की गावातच आणायला लागतो? बिट्टी कॉलेजच्या वह्या चाळता चाळता उत्तरं द्यायची.

"हा शेजारचा राजा दर फेरीला हसून मान लववतो," एकदा वन्संनी विचारलं. "याला हवंय तरी काय?"

"मैत्री."

"मग सरहद्दीवर घोडे कशाला आणून ठेवलेत?"

"सगळेच ठेवतात गं, आत्या."

"अस्सं. म्हणजे तुझ्या आईच्या माहेरची माणसं!"

मी आतून ऐकलं. पण मोजण्यात धरलं नाही, कारण तो प्रश्न नव्हता.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पाय उशीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि सकाळी डोळे उघडल्याबरोबर 'रात्रीतून लुटारू तर आले नसतील ना' ही काळजी. "आपण बटण दाबल्याशिवाय कोणी येत नाही," असं बिट्टीने चार वेळा सांगितलं. वन्संचा काही विश्वास बसेना. आपल्यावाचून काही घडत नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, लॅबच्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. मी चहा गाळत होते. स्वयंपाकघर आणि वन्संची खोली यांच्यामध्ये एक पडदा तेवढा आहे. दुसऱ्या गावात नवी लॅब उघडायचीय, बाई सांगत होत्या, सगळी मांडामांड पहिल्यापासून करायचीय, हाताखाली सहा जण असतील, राहायला दोन खोल्या मिळतील. "तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यांसमोर नाही. पण शुक्रवारपर्यंत सांगा. नाहीतर मला बाहेरचं माणूस बघावं लागेल."

मी चहा घेऊन आत गेले तेव्हा वन्संचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी जेवताना, पानाकडे बघत, त्या म्हणाल्या, "लॅबची नवी जागा होतेय. कोणाला तरी तिकडे पाठवायचंय म्हणे."

"एवढ्या लांब कोण मरायला जाणार?" आमचे हे म्हणाले. "मीठ दे गं जरा."

वन्संनी मीठ दिलं. विषय तिथेच संपला.

मी मध्ये बोलू शकले असते. 'कोणाला तरी' म्हणजे कोणाला, हे त्या घरात वन्संखेरीज मलाच ठाऊक होतं. नाही बोलले. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला. का बोलले नाही, तर ती सव्वीस कामांची यादी फ्रीजला चिकटवलेली होती आणि येता-जाता मी ती वाचत होते. माणूस दुसऱ्याचा स्वार्थ लांबून ओळखतो. स्वतःचा रोज फ्रीजवर वाचला तरी त्याला गृहव्यवस्था म्हणतो.

गुरुवारी संध्याकाळी सगळे वन्संच्याच खोलीत होतो. मी धुतलेल्या चादरी घडी करत होते, हे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, आणि अण्णा, माझे सासरे, खिडकीशी. अण्णांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना अर्धंच ऐकू येतं, पण कुठलं अर्धं ऐकायचं ते त्यांना बरोबर कळतं.

बिट्टी आत्याच्या खांद्यावरून डोकावली. "त्र्याऐंशी फेऱ्या झाल्या आणि अजून एकच गाव?"

"एकच बरं आहे. आवरायला सोपं."

"अगं, एका गावावर कोणी जिंकत नाही. तुला गाडीवाली बनवायला शिकवली होती ना मी?"

गाडीवाली म्हणजे बैलगाडीत संसार भरून निघालेली एक बाई. तिला हव्या त्या जागी नेऊन बटण दाबलं की तिथे नवं गाव वसतं.

"बनवली होती की. कुठे गेली कोण जाणे."

बिट्टीने गावावर बोट ठेवून आतल्या माणसांची यादी उघडली. भालेवाले, तिरंदाज, आणि सगळ्यांत खाली गाडीवाली.

"ही काय, इथेच तर आहे! तू हिला ढालीचं बटण दाबलंस. पहाऱ्यावर बसवलंस हिला."

"तेव्हा लुटारू आले होते ना," वन्सं म्हणाल्या. "म्हटलं, अशात कुठे पाठवायची. दोन फेऱ्या बसू दे आत. मग राहूनच गेलं." त्या यादीवर वाकल्या. "पण बिट्टे, हा खेळ प्रत्येक फेरीला सगळ्यांचं विचारतो. याला कुठे नेऊ, त्याला काय काम देऊ. हिचं का नाही विचारलं कधी?"

"पहाऱ्यावर बसवलं की परत विचारत नाही, आत्या. त्याच्या लेखी तिची सोय लागली."

"कायमची?"

"कोणी उठवेपर्यंत."

मी हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

"हिला बाहेर काढली," वन्संनी हळूच विचारलं, "तर या गावाचं काय होतं?"

"गावातलं एक माणूस कमी होतं. थोड्या फेऱ्या ओढाताण होते. मग भरून निघतं."

"आणि नाही निघालं तर?"

"अगं ताई!" वर्तमानपत्रामागून आवाज आला. आमच्या ह्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मत पक्कं असतं. "उठव की तिला! बसल्या जागी म्हातारी झाली असेल बिचारी. आणि ओढाताण झाली तर होऊ दे. बाकीची माणसं काय नुसती जेवायला ठेवलीत गावात?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, तर आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत होतो.

"काय? चुकलं का माझं?"

"छे हो," मी म्हटलं. "लग्नापासून प्रथमच नेमकं बोललात." मग मात्र मला राहवेना. चादर बाजूला ठेवली. "वन्सं, उद्या शुक्रवार. डॉक्टरीणबाईंना काय सांगणार आहात?"

"पाठवतील त्या कोणाला तरी."

"कोणाला तरी नाही. तुम्हाला विचारलंय. मी पडद्यामागेच होते. सोमवारीच बोलायला हवं होतं मी, नाही बोलले. तेव्हा आता नीट विचारते. तुम्हाला जायचंय का?"

वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बावन्न वर्षांचा माणूस धाकट्या बहिणीलाही ताई म्हणतो, कारण आजवर मोठेपणा तिनेच केला. त्या माणसाचा चेहरा आता पाहण्यासारखा झाला होता.

"ताईला विचारलंय? तिकडची प्रमुख म्हणून?" ते म्हणाले. "आणि मी मीठ मागत बसलो?" मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "पण अण्णांचं काय?"

"अण्णांचं अण्णांना विचारा की," खिडकीतून उत्तर आलं.

आम्ही सगळे वळलो. अण्णा बाहेरच बघत होते.

"माझ्या डोळ्यांत दोन थेंब घालायचे असतात. त्याला लॅबची प्रमुख कशाला हवी? कुणालाही जमेल. याला पण जमेल," त्यांनी मुलाकडे हनुवटी उडवली, "शिकवलं तर."

"आणि अण्णा, कवळी सैल झाली तर?" वन्संनी विचारलं. "तुमच्या हिरड्या दरवर्षी झिजतात. ती मलाच नीट करता येते."

"पार्सलने पाठवीन. परत येईतो मऊ खाईन." अण्णा आता वळले. "तू माझ्या दातांत अडकून राहू नकोस, पोरी. ते खोटे आहेत."

मी फ्रीजवरची यादी काढून आणली. आता माझा स्वार्थ लपवण्यात अर्थ नव्हता. "सव्वीस कामं, माणसं चार. प्रत्येकी साडेसहा."

"अर्धं काम कसं करायचं?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला सवय आहे," बिट्टी आणि मी एकदमच म्हणालो.

वन्सं हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. कॉम्प्युटरकडे वळून एवढंच विचारलं, "बिट्टे, हिला उठवायला कुठे दाबायचं?" बिट्टीने दाखवलं. गाडीवाली गावाच्या वेशीतून बाहेर पडली आणि दोन घरं चालून थांबली.

"वसव ना इथेच. गावाला नाव काय देणार?"

"आधी पाणी कुठे आहे ते बघू दे. नाव मागाहून."

शुक्रवारी सकाळी मी कामावर उशिरा जाणार असं कळवून टाकलं. बिट्टीला कॉलेजात अचानक सुट्टी निघाली. हे अण्णांचं डोकं मागे धरून थेंब घालत होते. तीन थेंब गालावर, एक मिशीत, पाचवा डोळ्यात. "लिफ्टच्या दोरखंडाला तेल घालतोयस का?" अण्णा ओरडले. मी त्यांना गप्प केलं, कारण पलीकडे वन्सं फोन लावत होत्या.

"हो, मीच बोलतेय," आम्हाला ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. पडद्याला कान लावायला मला लाज वाटली नाही.

"उत्तर देते," वन्सं म्हणाल्या. "पण आधी सांगा, खिडकी कुठल्या बाजूला आहे? दातांचा रंग जुळवायला ऊन सरळ नको, उजेड हवा." थोडं थांबून, "सहा जणांत मेणाचं काम कोणाला येतं?" मग, "भट्टी नवी आहे की इथली जुनी पाठवताय?" मग, "दोन खोल्यांत माझे वडील मधूनमधून येऊन राहिले तर चालेल ना?"

अण्णांनी मिशीतला थेंब पुसला. त्यांना पडद्यापलीकडचं ऐकू येत नाही, असं डॉक्टर सांगतात.

"आणि लॅब कितव्या मजल्यावर?" वन्सं विचारत होत्या. "तिसऱ्या? अगं बाई! माझा घोटा..."

"ताई!" हे इकडूनच ओरडले, बाटली हातात तशीच. "लिफ्ट आहे का विचार!"

वन्संनी विचारलं. तो एकशे बारावा.

लिफ्ट होती, पण दोन वर्षं बंद होती. ह्यांनी थेंबांची बाटली अण्णांच्या हातात दिली आणि हत्यारांची पिशवी शोधायला उठले, स्वतःहून.