शेजारची सीट

चष्मेवाल्याचा मत्सर साधासुधा नव्हता. दुकानात बसल्या बसल्या तो पेटला की कपाटातल्या प्लास्टिकच्या फ्रेमा मऊ पडायच्या, काड्या खाली लोंबायच्या आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, नवीन फॅशन आली. कारण एकच, बायको. ती दातांची डॉक्टर. दिवसभर परके पुरुष तिच्यापुढे आ वासून पडलेले, आणि चष्मेवाल्याचं ठाम मत असं की त्यातल्या निम्म्यांच्या दाढा ठणठणीत होत्या. एक जण तर एकाच दाढेसाठी पुन्हा पुन्हा यायला लागला. चष्मेवाल्याने त्याला वाटेत गाठून फुकटात डोळे तपासले आणि असा काही नंबर दिला की त्या माणसाला दवाखान्याची पाटी परत कधी सापडली नाही.

पण दाढेचं एक बरं असतं, ती आज ना उद्या पडते. मास्तर पडेना.

मास्तर म्हणजे गाडी पळवायला शिकवणारा. डॉक्टरणीला चाळिशी उलटल्यावर वेगाचं वेड लागलं होतं. वस्तीबाहेर शर्यतीचा ट्रॅक होता. दर रविवारी ती तिथल्या शिकवणीच्या जुन्या गाडीत बसायची आणि शेजारच्या सीटवर मास्तर. उंच, शिडशिडीत, आणि हेल्मेट काढल्यावरही भांग जागच्या जागी. ती त्याला सर म्हणायची. चष्मेवाला मास्तर म्हणायचा, तेही दात खाऊन; आणि घरात दातांची डॉक्टर असल्यामुळे ते तिला ऐकू यायचं.

खरं तर ती सीट चष्मेवाल्याचीच होती. पहिल्या रविवारी तोच बसला होता. पहिल्या वळणावर त्याने डोळे मिटले. दुसऱ्यावर अशी किंकाळी फोडली की मागून येणाऱ्या गाड्या रुग्णवाहिका समजून बाजूला झाल्या. पुढच्या वळणावर सकाळचा नाश्ता हेल्मेटच्या आत परत आला. बायकोने टोमणा मारला नाही. घरी येऊन हेल्मेट स्वच्छ धुतलं, उन्हात ठेवलं आणि म्हणाली, "होतं असं." त्या दोन शब्दांनी तो जेवढा मेला, तेवढा वळणांनी मेला नव्हता. पुढच्या रविवारी डोळ्यांवर ताण आलाय म्हणून तो घरी राहिला आणि सीट गेली.

आता डॉक्टरीण स्वतःची गाडी घेणार होती. अर्ध्या शहराच्या अक्कलदाढा उपटून जमवलेल्या पैशांतून. शोरूममध्ये एकाच गाडीच्या दोन बहिणी शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींचं नाक एक, ठेवण एक. पण थोरली रस्त्याची आणि धाकटी फक्त ट्रॅकची. थोरलीला नंबरप्लेट, एसी, गालिचा, कातडी सीटा. धाकटीला यातलं काही नाही. आत नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा, उघडा पत्रा आणि एकच सीट.

"हिला रस्त्यावर न्यायला परवानगी नाही," सेल्समन म्हणाला. "ट्रकवर चढवून ट्रॅकवर न्यायची. आणि हिच्या दाराला आतून लॉक नाही. गाडी कुठे घुसली तर बाहेरच्यांना दार उघडता यायला हवं ना."

"आणि थोरलीला?" सासूबाईंनी विचारलं. त्या लेकीबरोबर कुठेही यायच्या, शर्यतीच्या गाड्या बघायलाही.

"तिला सगळं आहे, आजी. बटण दाबलं की दोन्ही दारं बंद."

डॉक्टरीण दोन्ही गाड्यांभोवती फिरत राहिली. धाकटीपाशी तिचे डोळे चमकत होते, थोरलीपाशी ती नवऱ्याकडे बघत होती. चष्म्याच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं दिसायला हवं होतं. पण तो त्या वेळी थोरलीच्या शेजारच्या सीटकडे बघत होता, आणि त्या रिकाम्या सीटवर त्याला मास्तर बसलेला दिसत होता. पाय लांब सोडून. भांगासकट.

"अहो, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "शनिवारी नक्की करायचंय. मला दोन्ही आवडल्यात."

"धाकटी," चष्मेवाला म्हणाला. पापणीसुद्धा न लवता.

"एक सीटची?"

"मग काय तर! मोकळी बस. शेजारी कोणाची कटकट नको."

"म्हणजे तुम्हाला नाही बसायचं कधी?"

"माझं काय! मी बाकावर बसून टाळ्या वाजवेन."

"बरं," ती म्हणाली आणि पर्सची चेन उगाच उघडून बंद केली. सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, जसं एखादा धुवून आटलेल्या लोकरी स्वेटरकडे पाहतो. "जावईबापू, तुमच्या दुकानात स्वतःसाठी एखादा नंबर शिल्लक असेल तर बघा हो."

चष्मेवाल्याला त्याचं काय! तो घरी शीळ घालत आला. मास्तरची सीट त्याने जगातून नाहीशी केली होती. त्या आठवड्यात दुकानातली एकही फ्रेम वाकडी झाली नाही.

शनिवारी शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये सीटचं माप होतं. ट्रॅकच्या गाडीची सीट विकत मिळत नाही, ती माणसावर ओततात. दोन डब्यांतली औषधं एकत्र ढवळायची, प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत ओतायची, पिशवी सीटच्या सांगाड्यात ठेवायची आणि वर ज्याची सीट त्याने बसायचं. फेस फुगतो, अंगाभोवती चढतो आणि बघता बघता दगड होतो. झाला साचा तयार. हे काम करायला कोण उभा? तर मास्तर. बाह्या दुमडून.

डॉक्टरीण शर्यतीचा पोशाख चढवायला आतल्या खोलीत गेली होती. मास्तर डबे ढवळता ढवळता म्हणाला, "बरं केलंत साहेब, धाकटी घेतलीत. आता मॅडमना शिकवायला खरी मजा."

"शिकवणार कसे? बसायला जागाच नाही," चष्मेवाला खूश होऊन म्हणाला.

"बसायचं कशाला? हेल्मेटमध्ये रेडिओ असतो ना. मी बाहेरून बोलणार, ते थेट त्यांच्या कानात."

"कानात?"

"अगदी कानात. दुसऱ्या कोणाला ऐकूही येत नाही."

वर्कशॉपमधलं तापमान वाढलं. कोपऱ्यातला पंखा आपोआप फिरायला लागला असं तिथले लोक आजही सांगतात. चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे सगळा हिशेब उलटा झाला. सीटवरचा मास्तर निदान दिसत तरी होता. कानातला मास्तर कसा बघायचा? त्यासाठी चष्माच निघालेला नाही!

तेवढ्यात मास्तरने फेस पिशवीत ओतला. "मॅडम, लवकर! हा थांबत नाही. या, हात द्या, मी बसवतो. खांदे मी धरतो, तुम्ही नुसतं अंग सैल सोडा."

दार उघडलं. डॉक्टरीण बाहेर आली. मास्तरने हात पुढे केला.

आणि त्या हाताखालून चष्मेवाला सीटमध्ये.

"अहो!" डॉक्टरीण ओरडली.

"साहेब, उठा!" मास्तर ओरडला.

"मीच बसणार," चष्मेवाला म्हणाला, आणि फेसाने ते मनावर घेतलं. एरवी पिशवी अंगाला काही चिकटू देत नाही. पण चष्मेवाल्याच्या मागच्या खिशात फ्रेमा घट्ट करायचा बारीक स्क्रूड्रायव्हर होता, तो पिशवीतून आरपार गेला. फेस बाहेर आला, पँटला भिडला, कमरेवर चढला, काखेपर्यंत आला आणि तिथे जमून बसला. चष्मेवाल्याने उठायचा प्रयत्न केला, तर सीट, सांगाडा आणि खालचं टेबल असे तिघेही त्याच्याबरोबर उठायला निघाले.

मास्तर करवत शोधायला पळाला. डॉक्टरीण नवऱ्यासमोर स्टूल ओढून बसली. तिच्यापुढे माणसं नेहमी अशीच अडकून बसलेली असायची, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही.

"आता खरं सांगा. हे काय होतं?"

"माप देत होतो."

"कोणाचं?"

चष्मेवाला मान तेवढी हलवू शकत होता. "तो तुझ्या शेजारी बसायचा. म्हणून मी एक सीट म्हटलं. आता म्हणतोय कानात बसणार. उद्या म्हणेल स्टिअरिंगमध्ये बसतो. मी कुठे कुठे पुरा पडू?"

ती हसली नाही. "मी थोरली घेणार होते. शेजारी तुम्ही बसाल म्हणून. तुम्हीच नको म्हणालात, तेही फटकन. आठवडाभर मला वाटतंय, तुम्हाला आता माझी संगतच नको झालीय. तुम्हाला ती आरसेवाली बरी वाटते."

"कोण आरसेवाली?"

"फ्रेम बघायच्या निमित्ताने दुपारभर दुकानात बसते ती! प्रत्येक फ्रेम घालून आरशात बघते आणि विचारते, कशी दिसते मी. आणि तुम्ही सांगता."

चष्मेवाल्याचा चेहरा त्या क्षणी इतका उजळला की वर्कशॉपमधले दिवे फिके पडले. "म्हणजे तूही जळतेस?"

"गप्प बसा. हलू नका." ती उठली. "आणि पँट काढायची तयारी ठेवा."

पँट तिथेच राहिली. करवतीने सीट सांगाड्यातून निघाली, पण पँट सीटमधून निघेना. चष्मेवाला कमरेला शोरूमचा झेंडा गुंडाळून थोरलीच्या मागणीपत्रावर बायकोची सही होताना बघत उभा राहिला.

तो साचा वाया गेला नाही. डॉक्टरणीने हट्टाने तोच थोरलीच्या शेजारच्या सीटवर बसवून घेतला. चष्मेवाल्याचं अंग उजवीकडे कललेलं, मागे स्क्रूड्रायव्हरची खोच, एक खांदा वर एक खाली. गाडी तपासून बघायला मास्तर एकदाच त्यात बसला. एकच फेरी मारून उतरला तो वाकडाच, आणि त्याचा भांग जो दुसऱ्या बाजूला गेला तो पुन्हा जागेवर आला नाही.

मग नव्या गाडीचा पहिला रविवार. शेजारच्या सीटवर चष्मेवाला, मांडीवर कागदी पिशवी, डोळे गच्च मिटलेले. मास्तर लांब कठड्यापाशी रेडिओ घेऊन उभा. गाडी सुटली. चष्मेवाल्याचं पोट मागेच राहिलं, ते पुढच्या फेरीत परत मिळालं.

"छान मॅडम," कानात आवाज आला. आता दोन्ही हेल्मेटना रेडिओ होता. "पुढच्या वळणाला ब्रेक थोडा उशिरा. फार सुंदर चालवताय."

डॉक्टरीण खुदकन हसली.

चष्मेवाल्याने डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वळण बघितलं. ते त्याच्याकडे धावत येत होतं, पण आत जे पेटलं होतं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

"अगं, त्याच्यापेक्षा उशिरा मार!" तो ओरडला.

"अहो, काय?"

"त्याला काय कळतंय! अजून उशिरा! मी सांगतो ना!"

तिने त्याचं ऐकलं. वळण आलं, आणि गेलं. गाडी सरळ गेली, कडेच्या खडीत घुसली, खडीचं कारंजं उडवत रुतत गेली आणि दारापर्यंत बुडून थांबली. इंजिन बंद पडलं. धूळ खाली बसली. कानात मास्तर "मॅडम, मॅडम" करत होता. डॉक्टरणीने हेल्मेट काढून मागे टाकलं. चष्मेवाल्यानेही टाकलं. मागे दोन हेल्मेटं एकमेकांशी बोलत राहिली.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याची कागदी पिशवी कोरडी होती.

"डोळे उघडे होते?" तिने विचारलं.

"सताड."

लांबून मास्तर धावत येताना दिसला. खडीत पाय रुतत होते, तरी येत होता. चष्मेवाल्याने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"अगं, हिचं ते बटण कुठलं?" तो म्हणाला. "दोन्ही दारं बंद करायचं?"

तिने दाखवलं. त्याने दाबलं.