रूपीबाईच्या हातची धार

सरका माउलींनो, थोडे जवळ सरका. आज एका दारू गाळणारीची कथा ऐकवतो. नाक मुरडू नका. देव मुरडत नाही.

सन छत्तीस. नंदुरबारच्या एका शाळेत सुकलाल मास्तर होते. ते मुलांना एक प्रयोग दाखवायचे: पातळ तेजाबात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या सोडायच्या, एकीपाशी मद्यार्क घालायचा. तो पट्टीवर ज्योतीवाचून जळतो, त्याची वीज होते, यंत्राचा काटा हलतो. दुकानात मद्यार्क नव्हता, म्हणून मास्तरांनी डोंगरातल्या रूपीबाईकडून मोहाच्या पहिल्या धारेची बाटली घेतली. काटा छान हलला, आणि घटकाभरात शून्यावर आला. मास्तर चिडले. भर बाजारात म्हणाले, "रूपीबाई, पाणी घातलंस."

रूपीबाईच्या डोंगरगावचा कारभारी वीरसिंग तिथंच उभा होता. होळीच्या देवाला पहिली धार रूपीबाईच्या हातची जायची. भेसळीचा हात देवाला चालत नाही. होळीला चारच दिवस उरले होते.

दुसऱ्या सकाळी ती शाळेत आली. "मन्हासमोर करा." काटा चढला, उतरला. ती वाकून बघत राहिली.

"मास्तर, पाणी ऱ्हातं तर काटा पहिलेपासूनच हालता नई. मंग थकनं कोन? दारू का पत्रा?"

तिनं पट्टीकडे बोट दाखवलं.

"हंडाले खरपुडी धरस. ती खरवडाबिगर मी दुसरी खेप चढावत नई. तुम्हनी शाळामा भांडा घासत नई का?"

मास्तरांनी पट्टी काढली, दिव्यावर लाल होईस्तोवर तापवली, निववून त्याच दारूत सोडली. काटा पुन्हा चढला. अर्धवट जळालेलं काहीतरी पट्टीला धरून बसलं होतं. दारू निर्दोष होती.

"चुकलो, रूपीबाई."

"माले काय सांगतस? लोकेसमोर बोलनात, लोकेसमोरच सांगा."

पुढचा बाजार होळीनंतर होता. तेव्हा होळीच्या दिवशी मास्तर धोतर खोचून डोंगर चढले. लाकडं रचलेली, गाव जमलेलं. धापा टाकत म्हणाले, "दारूत पाणी नव्हतं. पट्टी मळली होती, आणि मी न बघताच या बाईवर आळ घेतला."

वीरसिंग हसला. "मास्तर, पिऊन आलात का?"

"प्यायली ती पट्टी. बरळलो मी."

माणसं हसली. वीरसिंगानं पानाचा द्रोण रूपीबाईच्या हाती दिला. तिनं डोळे मिटले आणि देवापुढे जमिनीवर धार सोडली. मास्तरांनी मान खाली घातली.

माउलींनो, कुणावर आळ घ्यायला जीभ उचलेल, तेव्हा आधी या रूपीबाईची आठवण करा.