पांढऱ्या धाग्याच्या दोन ओळी

२०१७ साली मला शाळेतून निवृत्त होऊन एक वर्ष झालं होतं आणि गावातल्या सहदेवच्या लेकीला, छकुलीला, नववं लागलं होतं. जानेफळपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. नोकरीच्या चौतीस वर्षांतली शेवटची अकरा मी तिथंच शिकवलं, म्हणून लहानथोर सगळे मला नुसतं 'बाई' म्हणायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सहदेवची बायको छाया एका सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली. मागे छकुली, आईचा पदर मुठीत धरून, नजर भिंतीकडे.

"बाई, तुमीच काढलं ना हिले शाळेतून? आता तुमीच शिकवा," छाया म्हणाली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

तिचं खोटं नव्हतं. छकुली दुसरीत माझ्या वर्गात होती. घंटा झाली की कानांवर हात ठेवून ओरडायची. खिचडीच्या वेळी ताटं वाजू लागली की बाकाखाली शिरायची आणि तासभर निघायची नाही. हाक मारली तरी मान वळवत नसे. चव्वेचाळीस पोरं आणि मी एकटी. एक दिवस तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला, तेव्हा मी छायाला बोलावून सांगितलं, हिला घरीच ठेवा. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'स्वमग्नता' असं लिहून दिलं. तो कागद छायानं मला दाखवला तेव्हा मी चष्मा पुसत बसले.

मी हो म्हटलं. सहदेवनं मात्र आधीच मुदत घातली होती. त्याचे थोरले भाऊ पंजाबराव यांनी लांबच्या एका शहरातली निवासी शाळा पाहून ठेवली होती. तिथं अशी मुलं ठेवून घेतात, वर्षातून दोनदा भेटायला जाता येतं. "दिवाळीपर्यंत पाहू," सहदेव म्हणाला. "काही फरक पडला तर ठीक. नाही तर दादा म्हणते तिथं नेऊन घालू." छाया तेव्हा चुलीपुढे होती. तिनं वर पाहिलं नाही. पदर हातात असल्याशिवाय छकुली घास घेत नसे, तिथं ती कुणाचा पदर धरणार होती?

पहिले तीन महिने फुकट गेले. पाटी तिनं चाटून पाहिली, चित्रांचं पुस्तक उभं-आडवं मांडलं, खडू ओळीनं लावले. मी 'अ' म्हणायची, ती छताकडे पाहायची. मला एकच शिकवणं ठाऊक होतं, आणि ते तिच्यापुढे चालत नव्हतं.

जुलैत सहदेवनं शेडनेटमध्ये मिरचीचा बीजोत्पादनाचा प्लॉट लावला. जाळीच्या आत वारा नाही, गलका नाही, सगळीकडे हिरवट उजेड. छकुली तिथं शांत व्हायची. दुपार दुपार ओळींमधून फिरायची. मग मीही माझी शाळा तिथंच नेली.

या कामाची रीत अशी असते. बाया मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आत तिच्यातले पुंकेसर हातानं काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी तिला नराचा पराग लावतात आणि देठाला लाल धागा बांधतात. धागा असलेल्या मिरचीचंच बी बियाणं कंपनी घेते. जी मिरची आपोआप धरली, तिला धागा नसतो, ती तोडून टाकायची. एक जरी राहून बियांत मिसळली तरी सगळा माल परत येऊ शकतो.

मी छकुलीचा हात धरून देठावर ठेवायची. "लाल हाय? राहू दे. लाल नाही? तोड." दिवसातून शंभर वेळा. गणेशचतुर्थी होऊन गेली. एका सकाळी मी देठ धरला आणि माझ्या आधी तिनं म्हटलं, "हाय." पुढच्या देठाला, "नाई." आणि तोडली. आवाज घोगरा, कुणी पहिल्यांदा वापरल्यासारखा. छाया पलीकडच्या ओळीत काम करत होती. तिच्या हातातून कळी खाली पडली.

त्यानंतर तिला आहे-नाही कळू लागलं. पाणी हाय, पोळी नाई. पोरीला मजुरीला जुंपलं असंही गावात काहींनी म्हटलं. त्यातही थोडं खरं असेल.

सप्टेंबरच्या मध्यात लाल धागा संपला. सहदेवनं जानेफळहून पांढरा आणला आणि शेवटच्या दोन ओळींना तो बांधला गेला. मी ते पाहिलं होतं. छकुली माझ्याबरोबर पुढच्या ओळींतच असायची. पांढऱ्याचं पुढे सांगू, म्हटलं. आत्ताच कशाला गोंधळ?

दसरा होऊन आठवडा झाला होता. मी शेगावला दर्शनाला गेले होते, तिसऱ्या प्रहरी परतले तर प्लॉटपाशी गर्दी. शेवटच्या दोन्ही ओळींतल्या झाडांवर एक मिरची नव्हती. सगळ्या बांधावर मांडलेल्या, देठ एका बाजूला, टोकं एका बाजूला, आणि प्रत्येक देठाला पांढरा धागा. छकुली शेजारी उकिडवी बसून शेवटची मिरची सरळ करत होती.

"घ्या, बाईच्या शाळेचा निकाल लागला," मजूर बायांतली कोकिळा म्हणाली. तिनंच पाठ मोडून त्या ओळींचं काम केलं होतं, बोलणार नाही तर काय.

सहदेव मातीत बसला होता. पंजाबराव त्याच्यापुढे उभे.

"पाह्यलं ना बे? म्या पह्यलेच सांगितलं होतं, तिले काही समजत नाही. काऊन तिच्यामागे सारं घर बुडवून राह्यला? मी उद्याच गाडी सांगतो."

"दादा, दिवाळीपर्यंत म्हणलं होतं," सहदेव खाली पाहत म्हणाला.

"दिवाळीत काय शिंगं फुटणार हायेत तिले?"

छायानं पोरीला उचलून कडेवर घेतलं होतं. नऊ वर्षांची पोर, पाय आईच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते. छाया माझ्याकडे पाहत होती. मी गप्प राहिले असते तर कुणी मला विचारलंही नसतं. पोरीला कळत नाही, एवढ्यावर सगळं मिटलं असतं, आणि माझं नावही राखलं गेलं असतं.

"सहदेव, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी तिला लाल शिकवला. लाल नसेल तर तोड, असं सांगितलं. पांढरा शिकवलाच नाही. माहीत असून."

"बाई, आता कायले पांघरूण घालता?" पंजाबराव म्हणाले.

"मग लाल ओळी पाहा. आज सकाळपासून ती एकटीच होती ना आत? एक लाल धाग्याची तोडलेली दाखवा, नाही तर एक बिनधाग्याची राहिलेली दाखवा. उद्या गाडीत मी स्वतः बसवून देते तिला."

हे बोलून गेले. कुणाच्या पोरीवर मी पैज लावत होते?

सहदेव उठला. पहिल्या ओळीपासून वाकून झाड न् झाड पाहू लागला. कोकिळा त्याच्या मागे, ती तर चूक काढायलाच निघाली होती. चौदा ओळी. ऊन जाळीवरून उतरलं. छाया तशीच उभी, पोर कडेवर.

शेवटच्या लाल ओळीच्या टोकाला कोकिळाच आधी बोलली. "मायबाई! एकबी नाई हो चुकली. आमच्याच्यानं इतकं साफ होत नाही."

सहदेवनं बांधावरची एक मिरची उचलली. पांढरा धागा छकुलीपुढे धरला. "छकु, हे बी राहू द्याचं. हे बी हाय." तिनं पाहिलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं तिचं बोट धाग्यावर ठेवलं.

"पोरगी कुठं जाणार नाही, दादा," तो म्हणाला.

"प्लॉट माह्या हिश्श्याले येणाऱ्या वावरात हाय, सद्या."

"हाव. माहीत हाय."

पंजाबराव त्या दिवशी गेले ते पुन्हा भावाच्या दारात आले नाहीत. ते वाईट नव्हते. आपण पाहून ठेवलेल्या शाळेतच पोरीचं भलं आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या आणि सहदेवच्या वाट्याला विहीर नसलेला तुकडा आला.

२०२१च्या उन्हाळ्यात पंजाबराव कोरोनाच्या साथीत गेले. दवाखान्यातून घरी आणू दिलं नाही. सहदेव तिथं बाहेर दिवसभर उभा होता, पण तोवर दोघांत एक शब्दही झालेला नव्हता. तो आजही भाजीपाला करतो, शेजाऱ्याच्या पाण्यावर. कोकिळा गुडघ्यांमुळे आता कामाला जात नाही, लेकीकडे असते.

मी खामगावला मुलाकडे राहते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं टाळते आहे. दोनदा गावच्या शाळेनं मला सत्काराला बोलावलं. मी गेले नाही.

छकुलीला यंदा अठरावं लागलं. वाचता येत नाही. तीस-चाळीस शब्द बोलते, स्वतःची वेणी घालते, भाजीच्या जुड्या बांधते, आणि कुणी भांडं आपटलं की अजूनही कान झाकते. साथीच्या वर्षी घरात कोंडून पडली तेव्हा निम्मे शब्द गेले होते, ते परत यायला दोन वर्षं लागली. छायाचे केस पिकले. महिन्यातून एकदा तिचा फोन येतो. सगळं सांगून झालं की थोडी थांबते आणि विचारते, "बाई, आमच्या मागं हिचं कसं?" मी तिला जेवलीस का विचारते, डोळ्यांचं सांगते. ती ऐकून घेते.