साक्ष मागे घेतलेला रविवार

शनिवारी सकाळी फिटरचा आवाज परत बसला. चहा मागायला त्याने तोंड उघडलं आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी बाहेर आलं. बायकोने वळून पाहिलं. त्याने घाईघाईने खोकल्याचं सोंग घेतलं.

"खोकला नाहीये तो," ती म्हणाली.

"रात्री गार पाणी प्यायलो जरा."

"मला नका शिकवू. गोळ्या संपल्या की सूज परत येणार, हे डॉक्टरीणबाईंनी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. सोमवारी ऑपरेशन आहे. जायचं म्हणजे जायचं."

फिटर कपात बघत राहिला. गप्प बसायला घशाचं कारण नव्हतं, चर्चच्या मंडळीपुढे दिलेल्या साक्षीचं होतं.

त्यांच्या मंडळीत पेटी नाही, ऑर्गन नाही. गाण्याची ओळ एकाने द्यायची आणि बाकीच्यांनी ती तशीच्या तशी उचलायची, ही तिथली रीत. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची. ओळ देणारा हा फिटर. आठवडाभर कारखान्यात पाइपांशी झटापट करणारा, नखं कायमची काळी झालेला माणूस. पण रविवारी त्याने पहिली ओळ टाकली की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे खांदे सैल पडायचे. नेमकी त्याच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. तोवर श्वास कोंडू नये म्हणून सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या.

मंडळीने उपवास केला. पाळकांनी त्याच्या घशावर हात ठेवून प्रार्थना केली. इकडे गोळ्यांनी आपलं काम केलं आणि आवाज मोकळा झाला. पुढच्या रविवारी फिटर उभा राहिला आणि म्हणाला, प्रभूने मला बरं केलं! झालं. रडारड, मिठ्या, जयजयकार. बरं झाल्याची साक्ष एकदा दिली की दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही, असा त्या मंडळीचा दंडक. चढली तर साक्ष मोडली, म्हणजे चारचौघांत देवाला खोटं पाडलं. हे कुठल्या वचनात आहे ते कुणी विचारलं नाही. आजाऱ्यांसाठीचे नियम नेहमी धडधाकट लोकच करतात.

दुपारी नणंद आली. मंडळीतल्या बायकांची प्रार्थना तीच चालवायची. भावाचा आवाज ऐकून तिचा चेहरा उतरला, पण घटकाभरच.

"ही परीक्षा आहे तुझी," ती भावाला म्हणाली. "आता डगमगलास तर सगळं हातचं जाईल."

"वन्सं, हातचं नाही, घशातलं जाईल," बायको म्हणाली. "आणि नाही गेलं तर हेच जातील."

"तुझ्या अशा बोलण्यानेच हे परत आलंय. घरात एकाचा जरी विश्वास कच्चा असला ना—"

"म्हणजे गाठ माझ्यामुळे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हणालात. देवाला यांचा घसा दुरुस्त करायचा होता, पण माझं थोबाड बघून त्याने बेत बदलला. भलताच हलक्या कानाचा देव आहे तुमचा!"

"अगं, जीभ आवर!" नणंद कडाडली आणि भावाकडे वळली. "ऐकतोयस ना? तूच सांग हिला."

फिटरने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "ताई," तो खरखरला, "चहा घेऊन जा." एवढंच. नणंद चहा न घेताच गेली. बायकोला वाटलं, निदान एकदा तरी या माणसाने माझी बाजू घ्यावी. मग तिने कालच्या कपड्यांचा पिळा उचलला आणि बादलीत असा आपटला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

ती युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कॉलर बसवायची. मशीनच्या घरघरीत कुणाला कुणाचं ऐकू जात नाही, म्हणून देवाशी भांडायला तिला तीच जागा बरी पडायची. त्या आठवड्यात तिने त्याला काय काय ऐकवलं होतं! तुझ्यासाठी गाणाराच घसा सापडला तुला? ढेकर देण्यापलीकडे ज्यांच्या घशाचा उपयोग नाही अशी माणसं कमी होती? देवाने उत्तर दिलं नव्हतं. तरी ती रोज मशीनवर बसली की परत सुरू व्हायची. ज्याच्यावरचा भरवसा संपलाय त्याच्याशी कुणी इतकं भांडत नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी फिटर पांढरा शर्ट घालून निघाला. वाटभर बायको त्याच्याशी बोलली नाही. सोमवारची तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि गाठ काही तारखेची वाट बघत बसणार नव्हती.

सभागृह भरलं होतं. नणंद पुढच्या बाकावर ताठ बसलेली. पाळकांनी मान हलवली. फिटर उभा राहिला आणि त्याने ओळ दिली.

सूर वर जायच्या जागी आवाज फाटला, अडखळला आणि खाली घसरला. पुढचा शब्द नुसती हवा होऊन निघाला.

आणि मंडळीने ती ओळ उचलली. तशीच्या तशी. वर्षानुवर्षं त्यांना हेच वळण लागलेलं, तो देईल ते घ्यायचं. तो घसरला तिथे सगळे घसरले. तो अडखळला तिथे अडखळले. शेवटचा शब्द सगळ्या बाकांवरून एकदम हवा होऊन आला. पोरंसोरं, म्हातारे, पुढच्या बाकावरची नणंद, झाडून सगळे मन लावून त्याचं दुखणं गात होते.

बायकोच्या अंगावर काटा आला. नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला. त्याने पुढची ओळ दिली नाही. आपली गाठ त्याने सगळ्यांच्या तोंडून ऐकली होती.

"घसा थकलाय भाऊंचा," पाळक पुढे झाले. "आपण प्रार्थना करू या."

"थांबा," फिटर म्हणाला. "मी बरा झालेलो नाही."

कुणीतरी मोठ्याने "प्रभू, प्रभू" म्हणायला लागलं.

"ऐका रे! फार वेळ बोलता येणार नाही मला. गोळ्यांनी सूज उतरली होती. मला ठाऊक होतं. तरी मी साक्ष दिली. आवाज जाईल म्हणून घाबरलो होतो, आणि देवाला मध्ये घालून पळालो. ती साक्ष मी मागे घेतो."

"खाली बस!" नणंद रडत ओरडली. "देवाला खोटं पाडतोयस तू!"

"देवाला नाही, ताई. मला." त्याने दम घेतला. "उद्या कापणार आहेत मला. भीती वाटते. तो आहे, हेही खरं. आता याच्यापुढचं मला काही कळत नाही."

कुणीच आमेन म्हटलं नाही. काहींनी माना फिरवल्या. पाळक हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. बहुधा त्यांनाही पुढचं कळत नव्हतं. बायको उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाहेर पडताना त्यांच्यासाठी कुणी दार धरलं नाही.

सोमवारी वॉर्डात त्याला हिरवा झगा घातला. मागून नाड्या अपुऱ्या पडल्या. बायकोने चादर ओढून झाकलं.

"आता न्यायला येतील," ती म्हणाली. "बोला ना काहीतरी. नंतर नाही ऐकायला मिळणार."

त्याने खूप विचार केला. तिने श्वास रोखला.

"मोरीतला नळ," तो खरखरला, "जोरात पिळू नकोस. आटे गेलेत."

ती बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. एवढा संसार केला आणि शेवटचं बोलणं नळाचं! तोही हसायला लागला. आवाज न येता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नर्सने येऊन दटावलं तरी दोघांना थांबता येईना. महिनाभर आटलेलं काहीतरी तिच्या पोटातून वर येत होतं. भीती तिथेच होती, अगदी होती तेवढीच. तिला बाजूला सारूनच ते वर आलं.

मग त्याला नेलं. दार लागलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली. हसू ओसरलं. "मी रागावलेय तुझ्यावर," ती पुटपुटली. "अजून रागावलेय. पण आतून हलू नकोस. त्यांचा हात सोडलास तर बघ."

शेजारी बसलेली बाई तिच्याकडे बघत होती. "कोणाशी बोलताय, ताई? तुमचं माणूस आत आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "दोघंही आतच आहेत."